काकडी, ४७ ग्रॅम

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते.

त्या ४४ वर्षांच्या आहेत, पतसंस्थेत नोकरी करतात. दीड वर्षापूर्वी त्यांची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली निघाली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. मैत्रिणींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या आधाराने त्यांनी ११ किलो कमी केले, साखरही आटोक्यात आली. ग्रुपवर रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकायचा, दुपारी ताटाचा, रात्री किती पावलं चाललो त्याचा, असा शिरस्ता आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. दिवाळीपासून तिने भात सोडला, मग चपाती, मग तूप, मग शेंगदाण्याची चटणीसुद्धा. फोनवरच्या ॲपने तिला दिवसाला १२०० कॅलरींचं लक्ष्य दिलंय. आईने स्वतःसाठी आणलेल्या स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ती काकडीसुद्धा तोलून घेते. एकदा आईने डोकावून पाहिलं तर वहीत लिहिलेलं, 'काकडी, ४७ ग्रॅम'. रात्री खोलीचं दार लावून उठाबशा चालतात. धाकट्या भावासाठी मात्र ती हौसेने केक करते, तासन् तास पाककृतींचे रील बघते आणि स्वतः घासही घेत नाही. पाच महिन्यांत वजन ९ किलोंनी उतरलंय. वडील म्हणतात, वय आहे, जाईल निघून. आजी म्हणते, पोरीची जात, थोडी बारीक झाली तर बिघडलं कुठे? आईने एकदा रागावून फोन काढून घेतला, तेव्हा मुलगी म्हणाली, "तू करतेस ते डाएट, आणि मी केलं की आजार?" त्या विचारतात: फोन कायमचा बंद करू का? तिच्याशी आता बोलू काय? आणि माझं मी काय करू, कमी केलेलं वजन परत वाढवू?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. चौथ्या पानावर, शेवटून तिसरी ओळ: '(पाळीही तीन महिने आलेली नाही, पण या वयात मागेपुढे होतेच म्हणा.)' मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी थांबले. म्हणून उत्तराची सुरुवात फोनपासून न करता तिथूनच करते.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होते, हे खरं. पण तुम्हीच लिहिलंय की तिची चौदाव्या वर्षापासून नियमित येत होती. नियमित येणारी पाळी तीन महिने थांबते आणि त्याच काळात वजन ९ किलोंनी उतरतं, तेव्हा ते वयाच्या नावावर टाकता येत नाही. अन्न कमी पडायला लागलं की शरीर आधी नड नसलेली खाती बंद करतं. हृदय चालू ठेवायचं, मेंदू चालू ठेवायचा, बाकीचं नंतर बघू. पाळी हे त्यातलं पहिल्यांदा बंद होणारं खातं. तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला हा हिशेब मी काय समजावणार! त्यातून याच वयात हाडं भरत असतात. आत्ता जी भर पडायची ती पडली नाही, तर पुढे ती भरून काढणं अवघड होतं.

तेव्हा पहिलं काम या आठवड्यातलं: डॉक्टर. आहारतज्ज्ञ नंतर, समुपदेशक नंतर, आधी एमबीबीएसच्या पुढे शिकलेले बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन. त्यांना पाच महिन्यांत किती वजन गेलं आणि पाळी कधीपासून नाही, हे दोन्ही आकडे पहिल्या मिनिटात सांगा. नाहीतर 'बारीक आहे, टॉनिक लिहून देतो' यावर भेट संपते. नाडी बघायला सांगा, झोपलेली आणि उभी असतानाचा रक्तदाब घ्यायला सांगा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, ईसीजी याबद्दल विचारा. वजन करताना तिला काट्याकडे पाठ करून उभं करा आणि आकडा तिच्यासमोर उच्चारू नका, अशी विनंती करता येते. चांगले डॉक्टर ऐकतात. पाळी थांबलीय म्हटल्यावर ते गर्भचाचणीही सांगतील. दचकू नका, तो त्यांच्या तपासण्यांचा नेहमीचा भाग आहे. मुलीशी पाच मिनिटं एकटीशी बोलू का, असं विचारलं तर निमूट बाहेर जाऊन बसा.

चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, वारंवार उलट्या करतेय असं कळलं, किंवा 'जगावंसं वाटत नाही' असं काही बोलली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी न्या.

तुम्ही लिहिलंय, 'वजन अजून नॉर्मलमध्येच आहे, ॲपवर हिरवा रंग येतो, म्हणून मी इतके दिवस गप्प राहिले.' या हिरव्या रंगाबद्दल थोडं बोलूया, कारण त्यावर पुष्कळ आया विसंबतात.

ॲपचा तो रंग ठरतो उंचीच्या वर्गाने वजनाला भागून. ही रीत केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात काढली. तो डॉक्टर नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचं होतं. त्या भागाकाराला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक ॲन्सेल कीज यांनी दिलं. हजारो माणसांचा एकत्र अंदाज घ्यायला ते बरं आहे. एका माणसाबद्दल ते किती कमी सांगतं याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, याचं ते चित्र होतं. म्हणजे तुमच्या साखरेची गोष्टही त्यात आहेच.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी. अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांचे बीएमआयचे पट्टे लागू होत नाहीत, त्यांचे वयानुसार वाढीचे वेगळे तक्ते असतात, आणि ॲप बहुधा ते बघत नाही. शिवाय डॉक्टर बघतात ते आज ती कुठे आहे एवढंच नाही. ती किती वेगाने खाली आली हेही बघतात. वजनाच्या वरच्या पायरीवरून सुरुवात केलेली मुलगी 'नॉर्मल'मध्ये असतानाच गंभीर आजारी असू शकते. उलट अशा मुलींचं निदान उशिरा होतं, कारण मधल्या काळात सगळे तिचं कौतुक करत असतात.

आणि ते १२०० कॅलरींचं लक्ष्य! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीची दिवसाची गरज २५०० कॅलरींच्या घरात आहे. वाढत्या पोरीला त्याच्या निम्म्याहून कमी खायला सांगणाऱ्या गोष्टीला आपण 'फिटनेस ॲप' म्हणतो.

आता त्या केकबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'कळत नाही, हिला खाण्याचा तिटकारा आहे की वेड?' ताई, हे कोडं ऐंशी वर्षांपूर्वी सुटलंय, आणि सोडवणारे पुन्हा तेच ॲन्सेल कीज. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात माणसं उपाशी होती आणि उपाशी माणसाला परत कसं खायला घालायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने अर्धपोटी राहिले. २४ आठवडे, दिवसाला साधारण १५७० कॅलरी. त्या तरुणांना आपल्या दिसण्याची काही पडलेली नव्हती. आरशाचा, रीलचा, कुणाच्या टोमण्याचा काही संबंध नव्हता. तरी काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, पदार्थांची कात्रणं जमवायला लागले. अन्नाची स्वप्नं पडायची. एक जेवण तास-दोन तास पुरवून खायचे, ताटल्या चाटायचे. चिडचिड, उदासी, थंडी वाजणं, माणसांत मिसळणं नको होणं. भुकेने डोकं असंच चालतं.

तुमची लेक भावासाठी केक करते आणि रात्री एक वाजता बटाटेवड्याचे रील बघते, यात नाटक नाही की हट्ट नाही. उपाशी मेंदू जे करतो तेच तो करतोय. म्हणून तिला समजावून, व्याख्यान देऊन, 'बघ किती वाळलीस' म्हणून आत्ता उपयोग होणार नाही. आधी पोटात अन्न जायला हवं. मग डोकं ताळ्यावर येतं. क्रम उलटा नाही.

'बघ किती वाळलीस' हे तिला शिक्षा म्हणून ऐकू येत नाही, हेही लक्षात घ्या. तिला ते प्रशस्तिपत्रक वाटतं. आणि बरी होताना कुणी 'आता कशी छान दिसतेस, अंग धरलंस' म्हणालं, की तिला ते 'जाड झालीस' असं ऐकू येणार. थोडक्यात, वर्ष-सहा महिने तिच्या अंगाबद्दल काहीच बोलू नका. चांगलंही नाही.

फोनकडे येते. तो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, त्यात त्यांच्याच पाहणीत असं होतं की स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्क्यांना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटलं. यंत्र साधं आहे: कुठल्या चित्रापाशी बोट थांबलं, किती सेकंद थांबलं, हे ते मोजतं. आवडलं म्हणून थांबलात की दुखलं म्हणून थांबलात, हा फरक त्याला कळत नाही. सपाट पोट बघून तुमच्या लेकीला रडू आलं, तरी ती तिथे आठ सेकंद थांबलेली असते. पुढची दहा पोटं तयार.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, फिजी बेटांवरची. तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे घरचं बरं चाललेली, मायेची माणसं असलेली, असा समज होता. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेने तेव्हा आणि तीन वर्षांनी शाळकरी मुलींना विचारलं. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ मध्ये एकही सापडली नव्हती. १९९८ मध्ये शंभरातल्या अकरा मुली करत होत्या.

ही गोष्ट सांगताना मला नेहमी आपली 'तब्येत' आठवते. 'तब्येत सुधारली' हे माझ्या आजीच्या तोंडी खरं कौतुक होतं. माहेरी आलेली लेक भरलेली दिसली की तिच्या जिवाला बरं वाटायचं. पोराने बाळसं धरलं, सुनेच्या अंगी लागलं. आणि आज? तुम्हीच लिहिलंय की भाऊबीजेला मामा ओवाळून घेताना म्हणाला, "काय गं, तब्येत सुधारलीय वाटतं!" आणि सगळे हसले, तुम्हीसुद्धा. शब्द तोच. फक्त आता तो ऐकून पोरगी ताटातली करंजी परत ठेवते.

तेव्हा फोन रिकाम्या घरात शिरलेला नाही, असं मला म्हणायचंय. तो आला तेव्हा घरात आधीच एक काटा होता, रोज सकाळी त्याचा फोटो निघत होता, 'आज पाप केलं, दोन गुलाबजाम खाल्ले' असं कुणीतरी ग्रुपवर लिहीत होतं आणि तुम्ही ते मोठ्याने वाचून हसत होतात. मुलगी टेबलाच्या पलीकडे बसून ऐकत होती.

हे वाचून तुम्ही आता स्वतःला बोल लावायला सुरुवात कराल, ते आधी थांबवा. खाण्याचे आजार एकट्या आईमुळे होत नाहीत. त्यात स्वभाव असतो (ही मुलं बहुतेक वेळा नेटकी, अभ्यासू, शंभरापैकी अठ्ठ्याण्णव पडले तर रडणारी असतात), अनुवंश असतो, वय असतं, मामा असतो, रील असतं. त्याच घरातला धाकटा भाऊ तेच ग्रुपचे मेसेज ऐकून खुशाल केक खातोय, नाही का? ज्या खोलीतून आग लागली त्या खोलीचा शोध नंतर घेऊ. तुम्ही पाणी आणायला जवळ आहात, एवढं आज पुरे.

मग तुमचं काय? वजन परत वाढवू का, असं विचारलंय. नाही हो! तुमचं पथ्य खरं आहे. त्यामागे रक्ताचा रिपोर्ट आहे, डॉक्टर आहेत, तुमची वाढ केव्हाच झालेली आहे. मुलीच्या 'तू करतेस ते डाएट, आणि मी केलं की आजार?' याला उत्तर आहे आणि ते न चिडता देता येतं: "हो, मला साखरेचं पथ्य आहे, आजीला रक्तदाबाचं आहे. तुला पथ्य नाही. आजीच्या गोळ्या तू घेत नाहीस, तसंच हे." वाद वाढवू नका, एवढं बोलून पोळपाट मांडा.

पण पथ्य ठेवणं आणि त्याची सकाळ-दुपार-संध्याकाळ आरती करणं, या दोन गोष्टी आहेत. तुमच्या साखरेला काट्याचा रोजचा फोटो लागत नाही. महिन्यातून एकदा दवाखान्यात वजन केलं तरी चालतं.

माझ्या लहानपणी वजन कळायचं ते रेल्वे स्टेशनवर. लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं, चकती गरगर फिरणारं ते उंच यंत्र. रुपयाचं नाणं टाकलं की खाली खट्कन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं भविष्य आधी वाचायचो. 'लवकरच प्रवासाचा योग आहे' असं असायचं, आणि आम्ही स्टेशनवर उभे! वजनाचा आकडा गाडी हलेपर्यंत विसरलेला असायचा. त्या आकड्याला तेवढीच किंमत होती, वर्षातून एकदा, एक रुपया. आता तो न्हाणीघराबाहेर चोवीस तास फुकट मिळतो, म्हणून महाग पडतोय.

तर दोन्ही काटे, न्हाणीघराबाहेरचा आणि ओट्यावरचा, घरातून जाऊ देत. माळ्यावर नको, तिथे ती चढेल. शेजारी द्या, नाहीतर पतसंस्थेच्या कपाटात ठेवा. तिच्या नकळत काढू नका. सांगून काढा, ती रडेल, भांडेल, तरी काढा. ग्रुप सोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर चालायला जायच्या मैत्रिणी ठेवा आणि ताटाचे फोटो सोडा. किमान तुमच्या ताटाचा फोटो घरात निघायला नको.

जेवणाचं कसं करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरं काम तिथेच आहे. डॉक्टरांनी हृदय-रक्त बघून हिरवा कंदील दिला की तीन जेवणं आणि मधे दोन-तीन खाणी, ठरलेल्या वेळी. ताट तुम्ही वाढायचं, तिने नाही. घरात जे शिजलंय तेच: चपाती किंवा भाकरी, आमटी-भात, उसळ, वर तूप, एक वाटी दही. तिच्यासाठी वेगळं 'डाएट'चं काही शिजणार नाही. सुरुवातीला कमी वाढा, पण वाढलेलं संपू दे. फार दिवस फारच थोडं खात असेल, तर एकदम पंगतीचं जेवण घालू नका. उपाशी शरीराला एकाएकी आलेलं भरपूर अन्न धोक्याचं ठरू शकतं, वाढवत कसं न्यायचं ते डॉक्टर सांगतील. ताटावर बसून कॅलरी, वजन, अभ्यास, मामा यातलं काही बोलायचं नाही. क्रिकेट बोला, शेजाऱ्यांच्या लग्नाचं बोला. अर्धी चपाती हातात धरून ती वीस मिनिटं बसेल. तुम्हीही बसा. "खा ना गं, माझी शपथ" यापेक्षा "मला माहितीय अवघड जातंय, मी इथेच आहे, पुढचा घास घे" हे वाक्य जास्त काम करतं. जेवल्यावर अर्धा तास तिला एकटी सोडू नका. मटार सोलायला घ्या, पत्ते मांडा, काहीही. तो अर्धा तास तिच्या डोक्यात सगळ्यात जास्त कल्लोळ असतो.

यात वडील लागतील. 'जाईल निघून' म्हणणाऱ्या माणसाला एक घास भरवायला बसवलं की पंधरा मिनिटांत मत बदलतं, हा माझा अनुभव आहे. डॉक्टरांकडे दोघं जा, म्हणजे घरी येऊन तुम्हाला भाषांतर करायला नको. आजींना मात्र वेगळ्या भाषेत सांगा: "आई, हिची पाळी थांबलीय." बाकी काही सांगावं लागणार नाही. बारीक पोरींबद्दलची त्यांची सगळी मतं तिथेच संपतील आणि डिंकाच्या लाडवांचं सामान बाहेर येईल.

आता फोनचं सांगते. काढून घेऊ नका. आत्ता तिच्या जगात ज्या दोन-चार मैत्रिणी उरल्या असतील त्या त्याच्यातच आहेत, आणि शिक्षा म्हणून गेलेला फोन दुसऱ्या कुणाच्या हातात पुन्हा सापडतो. पण रात्री दहानंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत एका ठिकाणी चार्जिंगला, बाबांचाही. बाबांचा नसेल तर हा नियम आठवडाही टिकणार नाही. कॅलरी मोजणारं ॲप जायला हवं, तेही काट्यासारखं, सांगून. आणि एखाद्या रविवारी तिच्या शेजारी बसा, ओरडायला नाही, बघायला. 'दिवसभरात मी काय खाल्लं' दाखवणाऱ्या पोरीच्या रीलवर 'रुची नाही' कसं दाबायचं ते तिलाच तुम्हाला शिकवू दे. आधी-नंतरच्या फोटोंत दिवा कुठून आहे, पोट कधी आत ओढलंय, हे दोघी मिळून शोधा. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग संगणकावर बारीक केलं असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं. आपल्याकडच्या रीलवर असं काही लिहिलेलं नसतं, तेव्हा ते डोळ्यांनाच शिकवावं लागेल. अर्थात हे सगळं ती थोडी खायला लागल्यावर. उपाशी डोक्याला ही मजा कळत नाही.

उठाबशांचं काय? डॉक्टर म्हणेपर्यंत बंद. कडक वाटेल, पण जमाखर्चात जमा नसताना खर्च कसला करायचा? तुमच्या पत्रात एक ओळ होती, ती सातवी ते नववी शाळेच्या खो-खो संघात होती, दहावीचं वर्ष म्हणून सोडवलं. ती ओळ मी अधोरेखित केलीय. खो-खोत तिला पाठीवर थाप मारून उठवणारं कुणीतरी होतं, पळाल्यावर भूक लागायची आणि मैदानाबाहेर वडापावची गाडी होती. दार लावून २०० उठाबशा काढताना यातलं काहीच नसतं. बरी झाली, पाळी परत आली, डॉक्टर हो म्हणाले, की मैदानाची वाट मोकळी करा. बारावी असली तरी.

मुलग्यांच्या आयांनो, तुमची पत्रंही माझ्याकडे आहेत. जिमची फी आणि प्रोटीनच्या डब्यांसाठी मित्राकडून उसने घेतलेले पैसे, 'साइज येत नाही' म्हणून आरशापुढे तास. 'बॉडी' करणाऱ्या पोराचं कौतुक होतं म्हणून तिथे काळजी करायला आणखी उशीर होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. एवढं आज पुरे, त्यावर सविस्तर पुढे लिहीन.

मनाच्या डॉक्टरांचीही गरज लागेल, बहुधा लागेलच. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसले तर जिल्हा रुग्णालयात विभाग असतो. 'टेलिमानस' ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, चोवीस तास आणि फुकट. तिथे आईने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. काही महिने लागतील, कधी वर्षही. मधे एखादा आठवडा ती परत काकडीवर येईल, तेव्हा सगळं पाण्यात गेलं असं समजू नका.

तिला आज काय सांगायचं, ते विचारलंत. असं काहीसं बोलून बघा: "तू डबा तसाच परत आणतेस हे मला दिसतंय. रात्री झोपत नाहीस तेही. मी इतके दिवस बोलले नाही, ते चुकलं. तुला ओरडत नाहीये. शुक्रवारी आपण डॉक्टरांकडे जातोय, बाबापण येणारेत." ती म्हणेल, मला काही झालेलं नाही. तुम्ही म्हणा, "मग डॉक्टर तसं सांगतील." आणि विषय बदला.

शुक्रवारी निघताना डबा बरोबर घ्या, तिघांचा. दवाखान्यात रांग असते आणि तिच्या खाण्याची वेळ चुकायला नको. कळवा काय झालं ते.